सांभाळणाऱ्याच्या नावावर काय आहे?

माझी आई २०१९ मध्ये पतसंस्थेतून निवृत्त झाली. तिची जुनी पगारपत्रकं आवरताना एक ओळ माझ्या नजरेस पडली : व्यवसाय कर, २०० रुपये. दर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. महाराष्ट्राच्या १९७५ च्या व्यवसाय कर कायद्यात कलम २७-अ आहे. मतिमंदत्व (कायद्यातला जुना शब्द हाच) असलेल्या व्यक्तीच्या आईवडिलांना किंवा पालकाला, आणि शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलाच्या आईवडिलांनाही, हा कर माफ आहे. माझा मोठा भाऊ जन्मापासून तसा आहे. सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक अक्षमता, दोन्ही. आम्ही त्याला दादा म्हणतो, आणि दादाचा दाखला आमच्या कपाटात पूर्वीपासून आहे. तरी आईने निदान दहा वर्षं तरी हा कर भरला. पंचवीस हजार गेले. दाखला कपाटात आणि कर पगारात. दोन कागदांची कधी गाठच पडली नाही.

मी सीए नाही, वकील नाही. दादाची बहीण आहे, आणि गेली काही वर्षं ओळखीपाळखीतल्या लोकांचे अर्ज भरून देते. त्यातून एक गोष्ट कळली. मदत आहे, पण ती एका खिडकीवर मिळत नाही. थोडी तहसीलदाराकडे, थोडी सिव्हिलमध्ये, थोडी ग्रामपंचायतीत, थोडी प्राप्तिकरात, थोडी बँकेत, थोडी कोषागारात. एका खिडकीवरचा माणूस दुसऱ्या खिडकीचं नाव घेत नाही, कारण बहुतेक वेळा त्याला ते ठाऊकच नसतं. म्हणून अर्ज घेऊन निघण्याआधी एवढंच विचारायचं : ही मदत दिव्यांग माणसाच्या नावाने आहे, की सांभाळणाऱ्याच्या? पहिल्या जातीची मदत लोकांना थोडीफार माहीत असते. दुसरी फार थोड्यांना.

आधी टक्के

सगळ्याचं मूळ दाखला. गावाकडे कुणी भेटलं की पहिला प्रश्न असतो, "किती टक्के बसलं?" प्रश्न बरोबरच आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते आता एकवीस झाले. ऑटिझम, थॅलेसेमिया, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यातले पीडित, शिकण्यातली विशिष्ट अक्षमता हे सगळे आले. पूर्वी "तुमच्या आजाराला दाखला मिळत नाही" असं ऐकून परत गेलेल्यांनी पुन्हा चौकशी करावी.

चाळीस टक्के हा उंबरठा. त्याच्या आत बहुतेक काहीच मिळत नाही. पुढे पासष्टला एक पायरी आहे, ऐंशीला आणखी एक. युडीआयडी कार्डाच्या (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) पट्टीचा रंगही त्यावरच ठरतो : चाळीसच्या आत पांढरी, चाळीस ते ऐंशी पिवळी, ऐंशी आणि वर निळी. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, मग जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाचे वार ठरलेले असतात, ते आधी विचारून जा. नाहीतर मुलाला उचलून नेलेला दिवस फुकट जातो. जुना हाताने लिहिलेला दाखला असेल तर तोही युडीआयडीत बदलून घ्यावा लागतो. लहान मुलांना अनेकदा तात्पुरता दाखला मिळतो. त्याची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण मुदत संपली की पैसे थांबतात आणि का थांबले ते कुणी कळवत नाही.

बोर्डासमोर काय होतं ते मी पुष्कळदा पाहिलंय. आया मुलाला नवे कपडे घालतात, पावडर लावतात, "डॉक्टरांना नमस्कार कर बाळा" म्हणतात. डॉक्टरांनी विचारलं, जेवतो का? "हो, सगळं करतो." घरी याच मुलाला घास भरवावा लागतो, पण परक्यासमोर आपल्या लेकराचं उणं सांगायला जीभ वळत नाही. त्या दहा मिनिटांत नेमकं तेच सांगायचं असतं : स्वतः जेवतो का, संडासला एकटा जातो का, रात्री किती वेळा उठावं लागतं, रस्ता ओलांडता येतो का. आदल्या रात्री हे कागदावर लिहून न्या. टक्के कमी लागलेत असं वाटलं तर अपील करता येतं.

दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव, रेशनकार्डावरचं नाव, तिन्ही एकसारखी हवीत. "सुनिल" आणि "सुनील" एवढ्या फरकावर अर्ज परत आलेले मी पाहिलेत. बोटं उघडत नाहीत, डोळा स्थिर राहत नाही म्हणून आधार निघत नसेल, तर केंद्रावर बायोमेट्रिक अपवादाची नोंद करायला सांगा. ती सोय आहे. केंद्रचालकाला माहीत नसते, एवढंच.

निराधारचे पैसे

संजय गांधी निराधार अनुदान योजनेला गावात कुणी "निराधारचे पैसे" म्हणतं, कुणी "डोल". पूर्वी महिन्याला १,५०० होते. दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झाले. चाळीस टक्क्यांचा दाखला, महाराष्ट्रात पंधरा वर्षांचं वास्तव्य, आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत. अर्ज सेतूमधून किंवा तहसीलच्या संजय गांधी शाखेत. पासष्टनंतर नाव श्रावणबाळ योजनेत जातं.

पन्नास हजार वर्षाचे म्हणजे महिन्याला सव्वाचार हजारही नाहीत. शेजारच्या मावशी चार घरची धुणीभांडी करतात, त्यांचा नवरा बाजार समितीत हमाल होता. मुलगा सव्वीस वर्षांचा, ऐंशी टक्के. तलाठ्याने (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणतंय) उत्पन्न साठ हजार लिहिलं. लिहिलं ते खोटं नव्हतं. अर्ज नामंजूर झाला. पुढच्या वर्षी नवऱ्याची पाठ गेली, तो घरी बसला आणि नवा दाखला अठ्ठेचाळीस हजारांचा आला. बापाची कमाई थांबली तेव्हा लेकाचे पैसे सुरू झाले. ही मर्यादा ठरवणाऱ्यांनी एकदा तरी मोठ्या माणसाच्या डायपरच्या पुड्याचा भाव विचारावा.

पैसे थेट खात्यात येतात, आणि इथे एक गाठ आहे. "आधार लिंक केलंय" असं लोक सांगतात तेव्हा बहुतेकदा बँकेने नुसती केवायसीसाठी आधारची झेरॉक्स घेतलेली असते. सरकारी पैसे येण्यासाठी खातं आधारशी सीड झालेलं (म्हणजे पैसे याच खात्यात पडावेत अशी जोडणी केलेलं) लागतं, आणि एकापेक्षा जास्त खाती असतील तर शेवटी जे सीड केलं त्यातच पैसे पडतात. मावशींच्या लेकाचे तीन हप्ते एका विसरलेल्या खात्यात जाऊन बसले होते. बँकेत शब्द "सीडिंग" हाच वापरा. शिवाय दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. अंथरुणावरच्या माणसाचा असेल तर त्याला कचेरीत न्यायची सक्ती न करता सोय करून द्या, असा लेखी अर्ज तहसीलदाराकडे द्यावा. तोंडी सांगितलेलं टिकत नाही.

लाडकी बहीणबद्दल हमखास विचारतात. दिव्यांग बाईला निराधारचे पैसे मिळत असतील तर तिला त्या योजनेचे वेगळे मिळत नाहीत. पण आई स्वतः त्या योजनेच्या अटींत बसत असेल तर मुलाच्या अनुदानामुळे तिचं नाव कटायचं कारण नाही. दोन माणसं, दोन नावं.

पाच टक्के, मागितले तर

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका या सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे, असा राज्याचा नियम आहे. पूर्वी हे तीन टक्के होते. मोठ्या महापालिकांत यातून चांगल्या योजना निघाल्या आहेत. मुंबईत धर्मवीर आनंद दिघे यांच्या नावाची योजना आहे, त्यात ऐंशी टक्क्यांवरच्यांना महिन्याला ३,००० आणि चाळीस ते ऐंशीवाल्यांना १,००० या हिशेबाने सहामाही रक्कम मिळते. छोट्या ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्नच घरपट्टी-पाणीपट्टीएवढं, त्याचे पाच टक्के कितीसे असणार? तरी ग्रामसभेत उभं राहून विचारा : यंदा पाच टक्क्यांची रक्कम किती झाली, आणि यादीत आमच्या मुलाचं नाव आहे का? एवढं विचारल्यावर बरंच काही हलतं. मार्चच्या तोंडावर घाईघाईत काहीतरी वाटप होतं, म्हणून दिवाळीतच विचारलेलं बरं.

उपकरणांसाठी केंद्राची एडीप योजना आहे. चाकाची खुर्ची, तीनचाकी, श्रवणयंत्र, कॅलिपर. महिन्याचं उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर मोफत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. शिबिरं लागतात तेव्हा अलिम्कोची (उपकरणं बनवणारी सरकारी कंपनी) माणसं आधी मापं घेतात, वाटप नंतर होतं. मापाच्या दिवशी गेला नाहीत तर वाटपाच्या दिवशी जाऊन उपयोग नाही.

निरामय : हा विमा बहुतेकांना ठाऊकच नसतो

नेहमीचे आरोग्यविमे जन्मजात अपंगत्व म्हटलं की हात आखडतात. त्यावर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली निरामय नावाची योजना आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता, या चारांसाठीच. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण. आधी वैद्यकीय तपासणी नाही, वयाची अट नाही, आधीपासूनचा आजार म्हणून नकार नाही. आणि मुख्य म्हणजे भरती न होता घेतलेली औषधं, तपासण्या, फिजिओथेरपी, स्पीच थेरपी यांचाही खर्च ठरावीक मर्यादेत मिळतो. आमच्यासारख्या घरात ऑपरेशन क्वचित असतं, थेरपी मात्र दर आठवड्याला. नावनोंदणीचं शुल्क दारिद्र्यरेषेखालच्यांना २५०, बाकीच्यांना ५००. पुढच्या वर्षांचं नूतनीकरण ५० आणि २५०.

पैसे आधी आपण भरायचे, मग बिलं पाठवून परत मिळवायचे. म्हणून थेरपिस्टकडून शिक्क्याची, तारखेची, मुलाचं नाव असलेली पावती दर वेळी मागा. "महिन्याचं एकदम देतो" यावर मान डोलवू नका. विम्याचं वर्ष मार्चअखेरीला संपतं. नोंदणी न्यासाच्या यादीतल्या संस्थांमार्फत होते. जिल्ह्यात तुमच्या मुलासारख्या मुलांची शाळा असेल तर तिथे विचारा, बहुतेकदा तीच संस्था यादीत असते किंवा कोण आहे ते सांगते.

मोठ्या आजारपणासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच, कुटुंबाला पाच लाखांपर्यंत. पण थेरपीला ती उपयोगी नाही.

आता सांभाळणाऱ्याचं

सांभाळणाऱ्याला मजुरी कोण देतं? २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी देखभालकर्त्याच्या भत्त्याचा उल्लेख आहे. केरळात आश्वासकिरणम् नावाची योजना आहे, अंथरुणाला खिळलेल्यांच्या सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये. सहाशे म्हणजे काहीच नाही. पण तिथल्या सरकारने निदान मान्य केलं की हे काम आहे आणि ते कुणीतरी करतंय. आमच्याकडे दिवसा दादाला बघायला येणाऱ्या बाईंना आम्ही चौदा हजार देतो. आईने हेच काम पस्तीस वर्षं नोकरी सांभाळून केलं, त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

तरी सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर काही गोष्टी आहेत, आणि त्या सोडायच्या नाहीत. व्यवसाय कराची माफी सुरुवातीलाच सांगितली. पगार काढणाऱ्या विभागाला दाखल्याच्या प्रतीसह अर्ज द्यायचा.

दुसरी प्राप्तिकरातली. जुन्या करप्रणालीत कलम ८०डीडीखाली, अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी ७५,००० रुपयांची वजावट मिळते. ऐंशी टक्के किंवा वर असेल तर १,२५,०००. खर्च किती झाला याची बिलं दाखवावी लागत नाहीत. रक्कम सरसकट आहे. नवरा-बायको, मुलं, आईवडील, भाऊ-बहीण, कुणासाठीही. म्हणजे दादा माझ्यावर अवलंबून असेल तर मीही घेऊ शकते. हे मला तिशी उलटल्यावर कळलं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगतेसाठी दाखला १०-आयए या नमुन्यात लागतो. मात्र दिव्यांग व्यक्ती स्वतःच्या विवरणपत्रात ८०यूची वजावट घेत असेल तर तिच्यासाठी ८०डीडी मिळत नाही. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, पण बोलताना सगळे अजून जुनेच आकडे वापरतात.

मेख अशी की नव्या करप्रणालीत ही वजावट नाही. उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर नव्या प्रणालीत तसाही कर लागत नाही, मग प्रश्नच मिटला. त्यावर असेल तर दोन्ही हिशेब मांडून बघा. घरकर्ज आणि ८०डीडी एकत्र असतील तर जुनी प्रणाली काही वेळा स्वस्त पडते. कचेरीने न विचारता नव्या प्रणालीत टाकलं असेल तर विवरणपत्र भरताना पगारदाराला बदलता येतं.

या सगळ्यात मधला माणूस लोंबकळतो. निराधारच्या मर्यादेच्या वर आणि कराच्या मर्यादेच्या खाली, म्हणजे महिन्याला पंधरा-वीस हजार कमावणारं घर. त्याला ना अनुदान ना वजावट. अशांनी निरामय, पाच टक्के निधी, एडीप आणि प्रवासाची सवलत, या चारांमागे लागावं. तिथे एक तर उत्पन्नाची अट नाही किंवा सैल आहे.

प्रवासाचं असं : एसटीच्या साध्या गाडीत दिव्यांग व्यक्तीला तिकिटात ७५ टक्के सूट. अपंगत्व पासष्ट टक्के किंवा जास्त असेल तर सोबतच्या माणसाला ५० टक्के. रेल्वेत, जे सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाहीत अशा ठरावीक गटांना स्लीपर आणि थ्री एसीत ७५ टक्के, आणि सोबत्यालाही तेवढीच. त्यासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र काढावं लागतं.

नोकरीवाल्यांसाठी रजा आणि बदली. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना (आणि एकट्या पुरुष पालकांना) पूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. मूल दिव्यांग असेल तर मुलाच्या वयाची अट नाही. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ८० टक्के. हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापिकेला दिव्यांग मुलासाठी अशी रजा नाकारली गेली होती. त्या प्रकरणात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की नोकरीत बाईचा सहभाग ही मेहरबानी नाही, घटनेने दिलेला हक्क आहे, आणि तो टिकवायला अशी रजा लागते. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना नियमित बदलीतून सूट मागता येते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत दिव्यांग मुलांचे पालक विशेष संवर्ग एकमध्ये (म्हणजे प्राधान्याच्या गटात) धरले जातात, हे शिक्षक वाचकांना मी सांगायला नकोच. खाजगी नोकरीत यातलं काही हक्काचं नाही. तिथे मालकाचं मन.

अठरावा वाढदिवस

मूल अठरा वर्षांचं झालं की आई-बाप कायद्याच्या नजरेत त्याचे पालक उरत नाहीत. "मी त्याची आई आहे" हे बँकेत चालत नाही. खातं चालवणं, मुदतठेव मोडणं, जमिनीच्या कागदावर सही, सगळं अडतं. निरामयच्या त्या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली. ती कायदेशीर पालक नेमते. कोर्टात जावं लागत नाही. हे प्रमाणपत्र बँकांनी मान्य करावं असं रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवलंय. शाखेत नाही म्हणाले तर लेखी नकार मागा, पुष्कळदा तेवढ्यावर काम होतं.

पालक झालात की जबाबदारीही येते. सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची, आणि दर आर्थिक वर्षानंतर हिशेब. कुणाला जाच वाटेल. मला हा नियम आवडतो, कारण काकालोकांच्या प्रेमाला अचानक भरती येते ती बहुतेक जमिनीच्या वेळीच.

बाकीच्या आजारांसाठी, म्हणजे स्किझोफ्रेनिया असो की पक्षाघातानंतरची अवस्था, ही समिती नाही. त्यांच्यासाठी २०१६ च्या कायद्यातलं मर्यादित पालकत्व आहे, म्हणजे त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून ठरावीक गोष्टींपुरता आधार. कोमातल्या माणसासाठी लोक उच्च न्यायालयात जातात. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाची खोली असते. फोनवर १५१००.

आणि एक : प्रेमापोटी त्याच्या नावावर फ्लॅट किंवा मोठी ठेव करायची घाई करू नका. पालक नेमला नसेल तर तो पैसा त्याच्याच औषधालाही काढता येणार नाही. आधी पालकत्व, मग मृत्युपत्र किंवा खाजगी विश्वस्त निधी, मग नावावर करायचं ते करा.

आमच्यानंतर काय

सांभाळणाऱ्या प्रत्येक आईच्या मनात हाच प्रश्न असतो. सरकारी नोकरी किंवा पेन्शन असलेल्या घरात त्याचं निदान पैशापुरतं एक उत्तर आहे. स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आई-वडिलांनंतर हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. केंद्राचा तसा नियम आहे, महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत ११६ व्या नियमात तशी तरतूद आहे. केंद्राने २०२१ मध्ये उत्पन्नाची अटही सैल केली. पूर्वी महिन्याला नऊ हजारांच्या वर काही मिळालं की हक्क जायचा, आता दुसरं उत्पन्न मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा कमी असलं की पुरे.

भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेतही, म्हणजे खाजगी कारखान्यात राबलेल्यांसाठी, कायमस्वरूपी पूर्ण अपंगत्व असलेल्या मुलाला पेन्शन मिळते आणि तिला पंचवीस वर्षांची नेहमीची मर्यादा नाही. रक्कम मात्र तुटपुंजी, अनेकदा काहीशेच. तरी सोडू नये.

अडचण हक्काची नसते, नोंदीची असते. माणूस नोकरीला लागतो तेव्हा मूल जन्मलेलं नसतं, किंवा मुलाच्या अपंगत्वाचं निदान व्हायचं असतं. सेवापुस्तकात नाव लागतं, पण "दिव्यांग" ही नोंद कुणी करत नाही. मग वडील जातात, आई जाते, आणि लग्न होऊन सासरी गेलेली बहीण तीस वर्षांपूर्वीचं सेवापुस्तक शोधत कचेऱ्या धुंडाळते. म्हणून ही नोंद पेन्शनर जिवंत असताना करून घ्यायची. अर्ज ज्या कचेरीतून निवृत्त झाले तिच्याकडे. सोबत दाखला, पालकत्वाचं प्रमाणपत्र, जन्माचा दाखला, पेन्शनर आणि मूल दोघांचा फोटो, अविवाहित असल्याचं लेखी.

बाबा तहसीलमध्ये अव्वल कारकून होते. २०२१ मध्ये गेले. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज मार्गी लावले आणि दादाची नोंद मात्र करायची राहिली. आई आणि मी त्यांच्याच जुन्या कचेरीत गेलो. टेबलावरच्या मुलीने अर्ज वाचता वाचता विचारलं, "मुलाचं लग्न झालंय का?" दादा व्हीलचेअरवर बसून तिच्या पेनस्टँडकडे हात नेत होता. आईने शांतपणे सांगितलं, "नाही, अजून नाही." मुलीने तेच लिहिलं.

महालेखापालांकडून पत्र यायला अकरा महिने लागले. दादाचं नाव त्यात बरोबर छापलं होतं, काना-मात्रेसकट. मी चार झेरॉक्स काढल्या : एक बँकेत, एक माझ्याकडे, एक मामाकडे, एक दादाच्या औषधांच्या डब्यात. त्या शेवटच्या प्रतीच्या कोपऱ्यात आईने पेन्सिलीने लिहून ठेवलंय, "मूळ कागद लोखंडी कपाट, वरचा खण, पातळांच्या खाली."